सोमवारची तारीख

"सोमवारी त्याचं नाव होतं हो यादीत! मी स्वतः बघितलंय," बाई फोनवर म्हणाल्या. "आणि डॉक्टर म्हणतात, शनिवारीच घरात पडला असणार, तसाच पडून राहिला. बुधवारी गेला."

"कोण गेला?"

"बोका. माझा धाकटा भाऊ. घरात सगळे बोकाच म्हणायचो, यादीतही तो तेच नाव लावायचा."

बोक्याला मी नऊ वर्षं ओळखत होतो, तेही नुसत्या नावानं. आमचा मोफत प्रोग्रामांचा संग्रह आहे. लोक आपला प्रोग्राम बांधून पाठवतात, त्याला पॅकेज म्हणायचं. नवं काय आलं, कशात सुधारणा झाली, हे पाठवणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट वेबसाइटच्या यादीत दाखवणं हे माझं काम. बोक्याचं पॅकेज भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचं. दर सोमवारी त्याची सुधारणा हजर! बदल काय, तर कुठेतरी एक स्वल्पविराम. मी जाम वैतागायचो.

"आमचं बोलणं बंद होतं," बाई सांगत होत्या. "आईच्या आजारपणात वाजलं, ते वाजलंच. अकरा वर्षं झाली. पण सोमवारी यादी उघडायची, नाव दिसलं की समजायचं, स्वारी ठीक आहे. त्यालाही ते ठाऊक असणार. नाहीतर दर सोमवारी कशाला कोण मरमर करेल?"

मी समोरच्या पडद्यावर यादी उघडली.

"म्हणजे सोमवारी तो धड होता ना? डॉक्टरांचं काहीतरी चुकतंय ना?"

नुसतं 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण त्या सोमवारी काय झालं ते मला माहीत होतं. सगळी पॅकेजं जुन्या मशीनवरून नव्यावर हलवली, आणि हलवताना जुन्या तारखा पुसल्या गेल्या. शेजारच्या टेबलावरचा म्हणालाही, "अहो, सगळ्यांवर आजचीच तारीख पडलीय. दोन हजार पॅकेजं सुधारली का एका दिवसात?" मी म्हटलं, "असू दे रे! कोण मेलं बघतंय ती यादी?" आणि चहाला गेलो. बोक्याकडून त्या सोमवारी काहीच आलं नव्हतं. ते माझ्या लक्षातही आलं नाही. उलट, आलं असतं तर पीडा टळली म्हणून बरंच वाटलं असतं.

"बाई, ती तारीख त्याची नव्हती," मी म्हणालो. "ती माझ्या चुकीनं पडली. त्यानं काही पाठवलंच नव्हतं."



"म्हणजे नाव दिसलं नसतं," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी गेले असते. दोन गल्ल्या सोडून तर राहतो."

"माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

"तुमचं कसलं डोंबल! सख्ख्या भावाचं दार वाजवायचं सोडून मी यादी बघत बसले." त्यांना रडू फुटलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

"ठेवा आता फोन. कामं असतील तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मला ठेवता येईना. त्यांनीही ठेवला नाही.