पुण्याला निघालेला जमखाना

या मित्रांनो, जवळ या. चपला बाहेर, पाय पुसून, आणि तो फोन खिशात. असे माझ्यावरच बसा, खुर्च्या शोधू नका. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. देवाची थोडी, माणसांची जास्त, आणि माझ्या वैतागाची सगळ्यात जास्त.

मी एक जुना जमखाना आहे. धारवाडकडच्या नवलगुंद गावात, मागावर बायकांच्या हातांनी विणलेला. तांबडा, पिवळा, काळा. मध्ये सोंगट्यांचा पट आणि कडेला मोर. छत्तीस वर्षांपूर्वी बिंदुमाधव अण्णांनी मला बंगळुरूला आणलं. अण्णा बंगळुरूतच जन्मलेले, तिथल्याच सरकारी कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर यंत्रं आणि सुट्टीला कीर्तन, असा त्यांचा नेम. इंदिरानगरातल्या लहानशा राममंदिराच्या सभागृहात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, मला अंथरून ते कीर्तनाला उभे राहत. पेटीवर त्यांच्या पत्नी हेमलताबाई. बाईंचं माहेर पुण्याचं, हे त्या स्वतः विसरल्या नाहीत आणि अण्णांना विसरू दिलं नाही.

पहिली वर्षं फार सुखाची गेली, मित्रांनो. साडेपाचलाच माझ्यावर वीतभर जागा उरत नसे. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, मांडीच्या भारावरून ओळखतो. कोण हलकं होऊन उठलं, कोणाचा घोटा अवघडला, टाळी कोण मनापासून देतं आणि कोण शेजारच्याचं बघून, हे सारं मला कळतं. डाव्या कडेला फुलवाला नागराज बसायचा. मध्यंतरात अण्णांच्या गळ्यात घालायचा हार तो आणी. एकदा हार द्यायला म्हणून आला, आणि बसला तो बसलाच. त्याला मराठी जेमतेम समजे. म्हणून अण्णांना एक सवय लागली. रंगात आलेलं वाक्य आधी मराठीत म्हणायचं, मग डावीकडे वळून तेच कन्नडात.

अण्णांचं एक आख्यान सगळ्यांच्या आवडीचं होतं. देव पाहुणा होऊन एका गरीब बाईच्या दारात येतो आणि विचारतो, "आई, घरात काय आहे?" एवढं म्हणून अण्णा नागराजकडे वळत. "अम्मा, मनेयल्ली एनिदे?" आणि नागराज तिथूनच ओरडे, "अवलक्की इदे, स्वामी!" म्हणजे पोहे आहेत. सभा हसायची, आणि पुढच्याच वाक्याला डोळे पुसायची.

मग शहर फुगत गेलं. जुनी मंडळी लांब व्हाइटफील्डकडे राहायला गेली, नवी आली ती ऑफिसच्या कॅबमध्ये बसलेली. आता सहाचं कीर्तन म्हणजे सहाला मी, पेटी आणि नागराज. सात वाजता फोन येतो, "अण्णा, ट्रॅफिकमध्ये आहोत, तुम्ही सुरू करा." मध्यंतराला येतात, आरतीआधी उठतात. गुडघे दुखतात म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, त्यांचे पाय माझ्या मोरांच्या पोटात रुतले. एकाने माझ्या पटावर मोबाइलचा स्टँड रोवला आणि म्हणाला, आता घरबसल्या बघा. मंडळी खरोखरच घरबसल्या बघू लागली! उरलेला महिनाभर मी अण्णांच्या घरी दारामागे, केरसुणीच्या शेजारी, गुंडाळून उभा. ऊन नाही, झटकणं नाही. माझं एक टोक उंदराने कुरतडलं, तेही कुणाला दिसलं नाही.

"बारा माणसं," एका शनिवारी हेमलताबाई पेटीचा भाता बंद करीत म्हणाल्या. "त्यातली दोन, प्रसाद कधी आहे ते विचारायला आलेली."

"अगं, बारा तरी आहेत."

"आमच्या पुण्याच्या देवळात मंगळवारी दुपारी तीनला दोनशे माणूस बसतं. दुपारी तीनला, अहो! आणि तुम्ही इथे खांबांना कीर्तन सांगताय."

"खांब मध्येच उठून जात नाहीत," अण्णा म्हणाले.

खरं सांगतो, मी मनातून बाईंच्याच बाजूचा होतो. माणसांनी भरलेलं गाव सोडून या शहराला चिकटून राहण्यात काय अर्थ, हे मला कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचा, मकरंदचा, पुण्याहून फोन आला. त्याच्या इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं होत होतं. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "आई, किती दिवस तिकडे दोघंच राहणार तुम्ही? अण्णांना समजाव." शिवाय बाईंच्या माहेरच्या देवळाने सात दिवसांच्या कीर्तनाचं बोलावणंही धाडलं.

अण्णांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "सात दिवस करून बघू. गाव मानवलं, तर तिथेच राहू."

"जमखाना घ्या बरोबर."

"तिथे सतरंज्या नसतात का?"

"असतात. पण याच्यावर उभे राहिल्याशिवाय तुमचे पाय स्थिर होत नाहीत."

माझी वळकटी सुतळीने बांधली गेली आणि मी पुण्याला निघालो. आनंद काय सांगू!

मित्रांनो, तीनशे माणसं! वेळेच्या अर्धा तास आधी. कुणी घड्याळ बघेना, कुणी उठेना. मला मात्र वरती मंचावर अण्णांच्या पायाखाली अंथरलं होतं. समोरची सभा खुर्च्यांवर. माझ्यावर बसलं कोण, तर हेमलताबाई आणि तबलजी. तरी मी फुगलो होतो. बाईंचं तर विचारू नका. सकाळी माहेरच्या माणसांत, दुपारी मकरंदकडे, संध्याकाळी पेटीवर. रिकाम्या होणाऱ्या घराच्या स्वयंपाकघराची मापंही त्यांनी टेपने घेऊन ठेवली.

पाचव्या दिवशी अण्णांनी पाहुण्या देवाचं आख्यान लावलं. सभा तल्लीन झाली. "आई," अण्णांनी हात पसरले, "घरात काय आहे?" आणि ते डावीकडे वळले. "अम्मा, मनेयल्ली एनिदे?"

डावीकडे पंखा होता आणि एक खांब. अण्णांचे हात तसेच पसरलेले. त्यांचं सगळं वजन माझ्यावर पुढच्या बोटांत आलेलं मला कळलं. ते उत्तराची वाट बघत होते.

"अवलक्की इदे, स्वामी!"

हे ओरडल्या हेमलताबाई. पेटीवरून. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

सभा खळखळून हसली. वाईट हसली नाही, पण हसली. पुढच्या वाक्याला डोळे पुसायला मात्र कुणी तयार नव्हतं.

प्रसाद वाटताना देवळाचा कारभार पाहणारे प्रतापराव जवळ आले. भला माणूस. "बुवा, उत्तम! फक्त मध्ये ते जे काही झालं ना, ते उद्या टाळू या."

"सरी," अण्णा कन्नडात म्हणाले. मग घाईने, "बरं."

सगळे गेल्यावर दोघं माझ्यावर बसून राहिले.

"तुम्ही इतका वेळ का थांबलात?" बाईंनी विचारलं.

"सवय गं. आणि तू का ओरडलीस?"

"मला काय ठाऊक! ओरडले. तुमचे हात बघवेनात."

उरलेली दोन कीर्तनं अण्णांनी नीट केली. कुठेही वळले नाहीत, कुठेही चुकले नाहीत. माझ्यावर त्यांचे पाय इतके सरळ उभे होते, जणू कारखान्यातले खांब. सातव्या दिवशी हेमलताबाईंनीच मकरंदला सांगितलं, "ते घर दुसऱ्या कुणाला देऊ देत."

"आई! जन्मभर तूच म्हणत होतीस ना, पुण्याला जायचंय म्हणून?"

"म्हणत होते. बंगळुरूला पोचल्यावर पुन्हा म्हणेन, ते तुझ्या वडिलांच्या कपाळीच आहे. पण इथे तीनशे माणसांत यांना उत्तर देणारी मी एकटी, आणि मला पेटी वाजवायची असते रे. तिथे नागराज आहे." मग बाईंनी पर्समधून स्वयंपाकघराच्या मापांचा कागद काढला, बारीक घड्या घातल्या आणि प्रसादाच्या पत्रावळींबरोबर टाकून दिला. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

मला मात्र कुणी विचारलं नाही! मी चिडूनच परत आलो. पुढच्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. सहाला मी, पेटी आणि नागराज. सव्वासातला एचएसआर लेआउटमध्ये राहणारी ऋचा आली, ऑफिसची बॅग माझ्यावर धाडकन टाकून म्हणाली, "सॉरी अण्णा, काय चुकलं माझं?" चुकलं काय म्हणून विचारते! अर्धं आख्यान चुकलं, बाई!

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. जुन्या जमखान्याला महिन्यातून एकदा ऊन दाखवा. त्याच्यावर खुर्च्या रोवू नका. आणि कीर्तन सहाचं असेल, तर पावणेसहाला या. मी काही तुमची वाट बघत कायम पडून राहणार नाही. धाग्यांनाही वय असतं.

आणखी एक. कीर्तन संपलं की सगळे अण्णांच्या पाया पडतात. पेटीमागची बाई तोवर भाता बंद करून, माझी घडी घालायला वाकलेली असते. लग्न करून तिने एकदा आपलं गाव सोडलं आणि हाताशी आलेलं तेच गाव दुसऱ्यांदा सोडलं. तुम्ही जाताना नमस्कार कराल, तेव्हा तेवढी हेमलताबाईंची आठवण ठेवा.