जे क्रीकपर्यंत

"दगड," डेस म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "दगड." मग, "पायरी, खाली. उजवीकडे काटे."

त्याची बायको मर्ल त्याच्या मागे चार पावलांवर होती. वाटेत येणाऱ्या वस्तूचं नाव आणि तिची बाजू, एवढंच तो सांगे. एक शब्द जास्त नाही. पोर्ट पिरीच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं त्याने गोदाम सांभाळलं होतं. खिडकीतून चिठ्ठी आत आली की वस्तू बाहेर जायची. आता चालण्याचा चौथा दिवस होता, वस्तू अ‍ॅलिस या वाळवंटातल्या गावाच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या होत्या आणि चिठ्ठी कुणीच देत नव्हतं; डेसची पद्धत मात्र तीच राहिली होती.

मर्लच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. कडेकडेचं दिसे, नेमकं जिथे बघावं तिथे करडा डाग. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा फार तर वर्षभर साथ देईल, असं फेब्रुवारीत अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेली मर्ल त्यांच्यासमोर हातरुमालाची घडी घालत राहिली. परतताना गाडीत मात्र म्हणाली, की तिला अ‍ॅलिसपासून माउंट सॉन्डरपर्यंत चालत जायचंय, सगळे दोनशे तेवीस किलोमीटर, आणि माथ्यावरून उगवता सूर्य बघायचाय. डेस आजवर क्लबच्या बारपलीकडे पायी गेला नव्हता. तो "बरं" म्हणाला आणि आठवडाभरात वजनकाटा घेऊन आला.

त्यानंतर घरातली एकही वस्तू त्या काट्यातून सुटली नाही. टूथब्रशचे दांडे कापले गेले. चहाच्या पुड्यांचे दोरे तोडले गेले. तंबूच्या पिशवीवरची कंपनीच्या नावाची पट्टी त्याने ब्लेडने उसवली. शेजारचा कॉलिन कुंपणावरून म्हणाला, की डेस, निघण्याआधी नखंही कापून घे. डेसने ती कापलीच होती. अर्धं खाणंपिणं डब्यांत भरून, डब्यांवर नाव-तारीख घालून पुढच्या मुक्कामांवर पाठवून दिलं. सगळ्यात शेवटी त्याने नकाशा हातात घेतला. आपण वाटेवरूनच चालणार, मग आजूबाजूचा मुलूख पाठीवर कशाला वाहायचा, हा त्याचा हिशोब. वाटेच्या दोन्ही अंगांना बोटबोटभर जागा ठेवून बाकी सगळं त्याने कात्रीने उडवलं. भल्यामोठ्या नकाशाची एक फीत उरली. एकशे दहा ग्रॅम वाचले.

पहिल्याच दिवशी यूरो रिजच्या उतारावर मर्लला पुढून खडी घसरल्याचा आवाज आला, नंतर डेसचा, "काही नाही." दुसऱ्या दिवसापासून त्याची पावलं बिघडली. एक पाय पडे, दुसरा घासत येई. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण ऐकू तर सगळं येत होतं. सिम्पसन्स गॅपला पोचल्यावर परत फिरू या म्हणून सांगू, असं तिने ठरवलं. तिथे डांबरी रस्ता येतो, फिरायला आलेल्यांच्या गाड्या उभ्या असतात, कुणीही अ‍ॅलिसला नेऊन सोडेल.

संध्याकाळी ती दोघं तिथे पोचली. डेसने चहा केला. मर्ल कप धरून बसली आणि परतणाऱ्या गाड्यांची दारं लागल्याचे आवाज ऐकत राहिली. सात गाड्या होत्या. बोलली असती तर चालणं तिथेच संपलं असतं, आणि हा डोळा आणि हा हिवाळा पुन्हा एकत्र यायचे नव्हते. सातवी गाडी निघून गेली तेव्हा तिने डेसला विचारलं, उद्या किती चालायचंय.

आज मल्गा कॅम्प सोडून तास-दीड तास झाला असेल. "दगड, डावीकडे," डेस म्हणाला आणि मग काहीच बोलेना. मर्ल त्याच्या पाठपिशवीवर जवळजवळ आदळली. तो खाली बसत होता, फार सावकाश.

"जरा नकाशा बघू," तो म्हणाला. "इथून जवळच कुठेतरी गाडीरस्ता असणार."

त्याने धडक्या गुडघ्यावर फीत पसरल्याचं तिने कागदाच्या आवाजावरून ओळखलं. कागद टोकापासून टोकापर्यंत सरकला.

"काय दिसतंय?"

"वाट."

"आणि बाजूला?"

"बाजूला काही नाही. तिथे मी कापलंय."

पुढचा मुक्काम, जे क्रीक, अजून आठ किलोमीटर होता. माहीत असलेली वाट तेवढी एकच होती, म्हणून ती दोघं उठली. त्या आठ किलोमीटरना उरलेला दिवस पुरला. शेवटच्या टप्प्यात डेस नुसतंच "ह" म्हणत होता, आणि त्या "ह"चा अर्थ दगड की पायरी हे मर्लने बुटाच्या टोकाने शोधायचं.

जे क्रीकच्या निवाऱ्यात ब्रॉन्विन नावाची होबार्टची शिक्षिका उतरली होती. पन्नाशीची, एकटीच चालणारी. डेसची विजार वर सारून तिने गुडघा पाहिला. तो फुगून वांग्यासारखा जांभळा झाला होता. आता यावर एक पाऊलही टाकायचं नाही, असं तिने शाळेतल्या आवाजात बजावलं. उपग्रहावरून निरोप धाडायचं तिचं यंत्र चालू केलं. उद्या दहा वाजता गाडी येईल असं उत्तर आलं. मग तिने आपला अख्खा नकाशा उलगडला आणि ती दोघं नेमकी कुठे बसली होती ते विचारून घेतलं. तिथून दक्षिणेला दोन किलोमीटरवर गाडीवाट होती. तिने ते सहज सांगितलं, हिणवण्यासाठी नव्हे. डेस त्या नकाशाकडे बघत राहिला. स्वतःच्या सहीने भंगारात काढलेला माल दुसऱ्याच्या दुकानात नवाकोरा दिसावा, तसा.

मर्लने पुढे आपल्यासोबत यावं, असं ब्रॉन्विननेच सुचवलं. दगड-पायऱ्या आपण सांगू. तिलाही सॉन्डरलाच जायचं होतं. डेसचं म्हणणं, की मर्लने जावंच, डबे पोचलेलेच आहेत. ब्रॉन्विन तिच्या तंबूत गेल्यावर दोघं बटाट्याचा लगदा खात बसली.

"डेस, मला सिम्पसन्स गॅपलाच माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या गुडघ्याचं."

तो चमचा फिरवत राहिला. "तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. तीन दिवसांत तू मला एक टोमणा मारला नाहीस, मर्ल. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही."

"मग तिथे बोलला का नाहीस?"

"गाड्या जायची वाट बघत होतो," डेस म्हणाला.

लगदा थंड झाला, तरी दोघांनी तो संपवला. परत वाहून नेण्यात अर्थ नव्हता.

सकाळी मर्ल ब्रॉन्विनबरोबर निघाली. डेस निवाऱ्याच्या फळीवर पाय लांब करून बसला होता. जाताना तिने त्याच्या डोक्यावर थोपटलं, ते घाईघाईत कानावर पडलं. पाऊण तासाने दोघी परत आल्या. ब्रॉन्विनने मर्लला फळीपर्यंत आणून सोडलं, डेसकडे पाहून खांदे उडवले आणि ती आपल्या वाटेने एकटीच चढायला लागली.

"काय झालं? पडलीस?"

"नाही."

"मग?"

"शाब्बास म्हणते ती. प्रत्येक दगडाला. आणि मला विचारते, मागे तुमचा नवरा एकटा ठीक असेल ना."

"त्यात काय एवढं? बाई चांगली आहे."

"चांगलीच आहे. तिने विचारेपर्यंत मी बरी चालत होते."

डेस थोडा सरकला. मर्ल हाताने फळी चाचपून त्याच्याशेजारी बसली.

"आता निघालीस तर गाठशील तिला," तो म्हणाला. "मी हाक मारतो."

"नको मारूस."

त्याने मारली नाही. ऊन निवाऱ्याच्या पायरीवर आलं, मग फळीवर. "पुढच्या वर्षी" हे शब्द दोघांपैकी कुणीही काढले नाहीत. डेसने विजार घोट्यापर्यंत खाली ओढून घेतली, केस पाण्याने बसवले. मर्लने दोन्ही पाठपिशव्या बांधून भिंतीशी शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोघं ताठ बसली, नातेवाइकांकडे जायच्या तयारीत असल्यासारखी.

दहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी नाल्यातून वर आली. रुंद टोपीचा एक जाडा माणूस इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. त्याला एवढाच निरोप मिळाला होता, की जे क्रीकला एक माणूस अडकलाय. समोर तर दोन नीटनेटकी म्हातारी माणसं बसलेली.

"चालता कुणाला येत नाही तुमच्यातल्या?" त्याने विचारलं.

गाडीमागून उडालेली धूळ सावकाश खाली बसत होती. शेवटी डेसने हात वर केला, वर्गातली पोरं करतात तसा. ते न दिसता मर्लनेही आपला केला.