रविवार, नऊ पंचावन्न

अडतीस वर्षं ज्याने बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं सुखरूप बाहेर काढली, त्याला साधा प्रिंटर चालवता येत नाही, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? त्याच्या लेकीचा बसला होता. चांगला दोन वर्षं बसला होता. सख्खा बापच सांगतोय म्हटल्यावर बिचारी काय करणार!

त्याला सगळे मिस्तरी म्हणत, निवृत्त झाल्यावरही म्हणत. बायको गेली, लेक लग्न होऊन दूरच्या शहरात, आणि घरात उरले हा आणि खिडकीजवळचा कॉम्प्युटर. रविवारी दहाला लेकीचा फोन यायचा. "बाबा, बरे आहात ना?" "बरा आहे. तू?" "मीही बरी." झालं! दोन मिनिटांत फोन खाली. बाप-लेक दोघंही मुलखाचे अबोल, आणि बोलायचं खातं आजवर आईकडे होतं.

मग एका रविवारी प्रिंटर खरोखरच रुसला. लेक तासभर फोनवर होती. पडद्यावर काय दिसतंय, डावीकडे काय लिहिलंय, आता हे दाबा, अहो ते नाही, त्याच्या शेजारचं! दोघं वैतागली, हसली, पुन्हा वैतागली. फोन ठेवल्यावर मिस्तरीला कितीतरी दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना तो टेबलाखाली वाकला आणि प्रिंटरची वायर त्याने हळूच उपसून ठेवली.

तेव्हापासून तो नेमच झाला. लेक आधी विचारायची, "वायर जागेवर आहे ना?" हा सांगायचा, "एकदम घट्ट!" खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, पण फोनवर कान दिसत नाहीत. तासाभराने वायर परत खोचायची आणि म्हणायचं, "अरे वा, चालू झाला! हुशार आहेस हो तू." एवढ्या प्रिंटरवर तो छापणार तरी काय होता? काही नाही. पण तेवढं विचारायचं लेकीला कधी सुचलं नाही.

आणि एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम साधी, घरगुती आहे. त्याच्या वरची घालू या. मग मी इथे बसून तुमचा कॉम्प्युटर चालवीन. तुम्ही बोटही लावू नका. दोन मिनिटांत काम!"

दोन मिनिटांत!

"आहे त्यात काय वाईट आहे?"

"दर रविवारी प्रिंटर बंद पडतो, बाबा."

लेकीने नव्या सिस्टीमची पंचवीस अक्षरा-आकड्यांची किल्ली फोनवर पाठवून दिली. पहिल्या रविवारी मिस्तरीचा चष्मा हरवला. दुसऱ्या रविवारी वीज गेली. म्हणजे गेली असं त्याने सांगितलं. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "त्यात आईचे फोटो आहेत गं. गेले बिले तर?"

"काही जात नाही. लिफ्ट तीच राहते, फक्त वरच्या मजल्यांची बटणं चालू होतात." लेक म्हणाली. "बाबा, खरं सांगू? मी थकले हो या प्रिंटरला."

ते 'थकले' मिस्तरीच्या काळजाला लागलं. आपल्या हट्टापायी पोरीचा रविवार खातोय आपण, त्याला वाटलं. स्वतःचीच लाज वाटली. त्याने मुकाट्याने खिशातून चष्मा काढला आणि एकेक अक्षर बघून किल्ली भरली. पडद्यावर आकडा चढू लागला, कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. लेक फोनवर थांबून होती. शेवटी सगळं जागच्या जागी उघडलं, आईचे फोटोसुद्धा. लेकीने सांगितलं तिथे मिस्तरीने परवानगी दिली आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. "आले बरं का मी!" लेक म्हणाली.

पण बाण प्रिंटरकडे जाईना. त्याने भलतंच काहीतरी उघडलं. तारखा, वेळा, लांबच लांब यादी.

"हे काय काढलंस?"

"आधी कार्ड वाचायचं, मग पाना उचलायचा. कुणी शिकवलंय?"

शिकवलं होतं त्यानेच. प्रत्येक लिफ्टच्या मोटारीजवळ एक कार्ड टांगलेलं असे, कधी बिघडली, कधी सुरू झाली, सगळं वेळेसकट. शाळेला सुट्टी असली की ही चिमुरडी बापाबरोबर जायची आणि ते कार्ड मोठ्याने वाचायची. तो तिला इन्स्पेक्टर म्हणायचा. जन्मभर कार्डं भरली, आणि हे यंत्रही आपलं कार्ड भरत असेल हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही!

इन्स्पेक्टर वाचू लागली. "प्रिंटर काढला, रविवार, नऊ पंचावन्न. जोडला, दहा अठ्ठावन्न. त्याच्या आधीचा रविवार. काढला, नऊ पंचावन्न..." तिचा आवाज हळू होत गेला. सगळे रविवार तसेच होते. आजचं तेवढं 'जोडला' अजून यायचं होतं.

मिस्तरीचे कान तापले. "मीच काढायचो गं," तो म्हणाला. "एरवी तू दोन मिनिटांत फोन ठेवायचीस. हा बिघडला की तासभर असायचीस. मला तू हवी होतीस, दुसरं काही नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो बाबा, मी हे कशाला करायला घेतलं माहितेय? अख्खा तास त्या मेल्या प्रिंटरमध्ये जायचा. तुम्ही नीट जेवता का, गुडघा कसा आहे, विचारायचं राहूनच जायचं. म्हटलं, त्याला दोन मिनिटांत उरकते आणि उरलेला वेळ माझ्या बाबांशी बोलते."

अकरा केव्हाच वाजून गेले होते. फोन कुणी ठेवला नव्हता.

"मग," लेकीनेच सुरुवात केली, "गुडघा कसा आहे?"

"धरलाय. दर रविवारी टेबलाखाली वाकून वाकून जास्तच धरलाय."

लेक अशी खदाखदा हसली की मिस्तरीला फोन कानापासून लांब धरावा लागला.

पुढच्या रविवारी तो लवकर आंघोळ उरकून कॉम्प्युटरपुढे बसला. वायरीला हात लावायचा नाही म्हटल्यावर हातांना काही कामच नव्हतं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तो घड्याळाकडेच बघत होता. बरोबर नऊ पंचावन्नला फोन वाजला.

"वायर जागेवर आहे ना?" लेकीने विचारलं.

"एकदम घट्ट," मिस्तरी म्हणाला.