कागदावर नसलेली गल्ली

नीमगुराडीच्या नगर परिषदेत तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळून चुके: साहेब जेवायला गेलेले असतात. सकाळी अकराला जा, जेवायला. दुपारी चारला जा, तरी जेवायलाच. मंजुळा तायडे दोन वर्षं तिथे खेपा घालत होती. एवढं दिवसभर जेवून ही माणसं फुटत कशी नाहीत, याचं तिला खरोखर नवल वाटे.

तिची तक्रार काही जगावेगळी नव्हती. तिचा नवरा बाबूराव इंदूरच्या एका कापड मिलमध्ये बावीस वर्षं मागावर होता. मिल चालू असताना कामगारांच्या सोसायटीनं शहराबाहेर, टेम्पोनं पाऊण तासावर, नीमगुराडीत प्लॉट पाडले. त्यातला एक त्यानं घेतला आणि दोन खोल्या उभ्या केल्या. एक्याण्णवात मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. तेव्हापासून बाबूराव घरी बसून होता, आणि बोलणं त्यानं जवळजवळ सोडलंच होतं. घर चालायचं ते मंजुळाच्या शिलाई मशीनवर. आतल्या खोलीत, गल्लीकडच्या भिंतीला लागून तिची मशीन होती. ब्लाउज, पेटीकोट, साड्यांचे फॉल, काय येईल ते ती शिवायची.

शेजारी बालमुकुंदजी. हे पूर्वी मंडीत एका आडत्याकडे तागडी धरायचे. देश खुला झाला, खुला झाला म्हणतात, तो बहुधा यांच्यासाठीच झाला असावा. बंद मिलांचे कामगार एकेक करून प्लॉट विकू लागले, तसे बालमुकुंदजी घेणारे झाले आणि विकवून देणारेही झाले. दोन वर्षांत त्यांनी घरावर तीन मजले चढवले, गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी बसवली, अंगणात बोअरिंग खोदून मोटर लावली. राहता राहिला जिना. घरात जिना घालायचा तर एक खोली वाया जाणार, आणि खालच्या खोल्या तर त्यांना दुकानांना द्यायच्या होत्या. मग दोन्ही घरांमधली तीन फुटांची गल्ली त्यांना दिसली. सिमेंटचा जिना त्यांनी सरळ तिच्यात घातला.

मोटर रोज सकाळी चालू व्हायची आणि बंद करायची कोणाला आठवण नसायची. टाकी भरून वाहायची, पाणी पायऱ्या उतरत खाली यायचं आणि मंजुळाच्या भिंतीच्या पायाशी साचायचं. भिंत होती मातीत बांधलेल्या विटांची. आधी तिला ओल आली, मग पोपडे धरले. शिवायला आलेल्या कपड्यांना वास येऊ लागला. मंजुळा बोलायला गेली, तर बालमुकुंदजी दात कोरत हसले.

"भाभी, पानी ही तो है, कोई तेजाब थोडी है!"

म्हणून ती नगर परिषदेत गेली.

तिथले बडे बाबू होते रघुवीर. यांचे आजोबा होळकरांच्या दरबारात कारभारी होते, हे येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, कारण रघुवीर स्वतःच ते सांगायचे. आजोबांनी दरबारात काय केलं ते कोणाला ठाऊक नव्हतं. नातवानं मात्र पानाची पिंक टाकायला खुर्चीशेजारी एक सरकारी कुंडी ठेवून घेतली होती.

मंजुळाचं मराठी ऐकून ते खुलले. "अरे वा, आपली माणसं! बसा ना बसा. या गावात मराठी बोलायला कोणी मिळतच नाही यार. आडनाव काय म्हणालात?"

"तायडे."

खुर्ची पुढे सरकवणारा त्यांचा हात तिथेच थांबला. "अच्छा. म्हणजे महूकडचे तुम्ही लोक."

"हो. आजोबा पलटणीत हवालदार होते."

"ठेवून जा अर्जी."

खुर्ची होती तिथेच राहिली. मंजुळानं उभ्यानं अर्ज दिला आणि उभ्यानंच पुढची दोन वर्षं काढली.

महिन्याभरानं रघुवीरांनी तिला नकाशा दाखवला. दाखवला म्हणजे दुरून, गुंडाळलेलाच. "बाई, इथे अशी कुठली गल्लीच नाहीये. जी गल्ली नाहीच, तिच्यात अतिक्रमण होणार कसं? तुम्हीच सांगा."

"साहेब, मी रोज त्या गल्लीतून जात होती ना."

"तुम्ही जात असाल. रेकॉर्डमध्ये कोणी जात नाहीये."

"आणि पाणी?"

"फुकटचं पाणी दारात येतंय तर बाल्टी लावा की! लोक तरसतात पाण्यासाठी, आणि तुम्ही तक्रार करता." शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. रघुवीरांना आपला विनोद इतका आवडला की त्यांनी तो हिंदीत पुन्हा सांगितला.

मंजुळानं दुसरा अर्ज दिला, तिसरा दिला. सोसायटीच्या कागदाची नक्कल जोडली. प्रत्येक अर्जावर काही दिवसांनी जांभळा शिक्का पडे: निराकृत.

"म्हणजे काय झालं साहेब?"

"निकाल लागला."

"काय लागला?"

"निकाल लागला बाई! आता त्याच्यात काय लागला म्हणून विचारू नका."

घरी येऊन ती हे सगळं बाबूरावला सांगे. त्यांच्या नकला करून सांगे. हसावं म्हणूनच सांगे. तो भिंतीकडे पाहत राही आणि म्हणे, "सोडून दे. आपलं कोण ऐकतंय." मग ती त्याच्यावर चिडे, कारण मनातून तिलाही तेच वाटायचं. कचेरीत जाताना रस्ताभर ती रघुवीरांना शेलक्या शिव्या घाली, आणि त्यांच्या टेबलापाशी पोचली की आपोआप हात जोडले जात. याचा तिला रघुवीरांपेक्षाही जास्त राग येई.

शहाण्णवच्या मार्चमध्ये, भर दुपारी, भिंत पडली. मंजुळा हातपंपावर गेली होती. आवाज ऐकून धावत आली तर गल्लीत विटांचा ढीग, आतल्या खोलीला बाजूच नाही, आणि बाबूराव दारात उभा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. तो बाहेरच्या खोलीत निजला होता म्हणून वाचला. मशीन मात्र मलब्याखाली होती. बालमुकुंदजी वरच्या पायरीवर येऊन पाहत होते. "राम राम राम," ते म्हणाले आणि आत गेले. टाकी वाहतच होती.

आठव्या दिवशी नगर परिषदेचा चपराशी कागद घेऊन आला. मंजुळाला वाटलं, मदत आली असेल. ती होती नोटिस. बाबूरावनं हातात घेतली आणि खाली बसला. "दंड करतायत," तो म्हणाला. "भिंत पडली म्हणून आपल्यालाच दंड."

मंजुळा आठवी शिकलेली होती आणि कागद पुरता वाचल्याशिवाय सोडायचा नाही, ही आजोबांच्या घरची सवय होती. तिनं नोटिस एकदा वाचली. मग उजेडात धरून दुसऱ्यांदा वाचली. सरकारी हिंदीत लिहिलं होतं, त्याचा मतलब असा, की आपल्या घराची भिंत कोसळून मलबा सार्वजनिक गल्लीत पडला आहे, त्यामुळे तीन फूट रुंदीचा आम रस्ता अडला आहे. सात दिवसांत ही गल्ली पूर्ण मोकळी करावी, नाहीतर दंड होईल. खाली सही, शिक्का.

ती हसायला लागली. बाबूराव घाबरला.

"अहो, गल्ली सापडली ना!" ती म्हणाली. "दोन वर्षं सापडत नव्हती. माझ्या विटा पडल्याबरोबर सापडली. तीन फूट! मोजूनसुद्धा ठेवलीय मेल्यांनी."

त्या दिवशी दोघांनी मिळून विटा उचलल्या. एकही तुकडा गल्लीत ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानात जाऊन तिनं नोटिसच्या चार झेरॉक्स काढल्या आणि मूळ कागद घेऊन कचेरीत गेली.

"साहेब, मलबा उचलला."

"शाब्बास," रघुवीर मान वर न करता म्हणाले.

"पण गल्ली मोकळी झाली नाहीये."

"का?"

"जिना आहे ना तिच्यात."

रघुवीरांनी वर पाहिलं. मग तिच्या हातातला कागद पाहिला आणि तो दुरूनच वाचला. पान चावणं हळूहळू थांबलं. "ही टायपिंगची मिस्टेक आहे," ते म्हणाले.

"टायपिंगमध्ये तीन फूट आले का साहेब?"

"आणा इकडे. दुरुस्त करून देतो."

हात पुढे आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडून काही घ्यायला तो इतका झटकन पुढे आला असेल. मंजुळानं कागदाची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. "माझ्या नावानं आली. माझी आहे," ती म्हणाली, आणि मग बाजूची रिकामी खुर्ची ओढून बसली. "सात दिवसांची मुदत आहे ना साहेब? माझं झालं. आता त्यांना द्या नोटिस."

नोटिस कोणाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी रघुवीर स्वतःच स्कूटरवर बसून आले, मागे उपयंत्री, म्हणजे परिषदेचा इंजिनिअर. पडलेल्या भिंतीच्या जागी साडी बांधली होती, तिच्या अलीकडे ते दोघं खाटेवर टेकले. मंजुळानं पाणी पुढे केलं. "नको, आताच घेतलं," असं रघुवीर म्हणाले आणि रुमालानं घाम पुसत राहिले. उपयंत्र्यानं मात्र दोन पेले रिकामे केले.

"हे बघा मंजुळाबाई," रघुवीर म्हणाले. या घरात येईपर्यंत तिला नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "परिषदेची एक योजना आहे. तुमची भिंत आम्ही पक्की बांधवून देतो. दारात नळसुद्धा देतो. एक तेवढा कागद वापस करा. कशाला शेजाऱ्याशी वैर? आखिर आपण मराठी माणसं."

मंजुळाच्या मनात क्षणभर नळ येऊन गेला. खोटं कशाला बोला. हातपंप पाव कोसावर होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून बाबूराव बोलला. "भिंत आम्ही बांधू. हात आहेत आम्हाला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मंजुळानं तर जास्तच.

"दोन वर्षं ही तुमच्याकडे येत होती," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, पण शब्द सरळ येत होते. "तेव्हा आम्ही मराठी नव्हतो का रघुवीरजी? मी आत निजलो असतो तर आज तुम्ही कागद कोणाकडे मागितला असता?"

रघुवीर उठले. जाताना त्यांनी कायद्याचं काहीतरी सांगितलं, ते त्यांनाही पटलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको टेम्पोनं इंदूरला गेले, वरच्या कचेरीत. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत बसावं लागलं. मग एका थकलेल्या बाईसाहेबांनी आत बोलावलं. त्यांनी नोटिस वाचली, 'निराकृत'चे तिन्ही अर्ज वाचले आणि एकच प्रश्न विचारला: "ये दस्तखत एक ही आदमी के हैं?" मंजुळा हो म्हणाली. बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि कागदावर चार ओळी लिहिल्या: पंधरा दिवसांत गल्ली मोकळी करून अहवाल द्यावा.

झालं. बाहेर पडल्यावर बाबूराव म्हणाला, "झालं ना काम! तोंड का पाडलंस?" मंजुळाला आनंद होत नव्हता, संतापच येत होता. दोन वर्षं चाललं ते चार ओळींचं काम होतं. ती उन्हात उभी राहून आठवत होती, की आपण त्या पिंकदाणीवाल्याला किती वेळा साहेब म्हटलं. मग बाबूरावनं समोरच्या गाडीवरून दोन प्लेट पोहे आणले, वरून शेव, आणि ते तिला खावेच लागले.

चौदाव्या दिवशी नगर परिषदेची माणसं घण घेऊन आली. खालच्या सहा पायऱ्या फोडल्या, फोटो काढला, मोकळ्या गल्लीचा अहवाल लिहिला आणि गेली. उरलेला जिना हवेतच राहिला, सातव्या पायरीपासून वर. बालमुकुंदजींचं कुटुंब महिनाभर बांबूच्या शिडीवरून चढत उतरत होतं. त्यांची बायको लक्ष्मी एकदा शिडीच्या मध्यावर थांबून ओरडली, "देख लो, क्या हालत कर दी तुमने हमारी!" मंजुळानं शिडी धरली, ती घसरत होती म्हणून. आणि खालूनच सांगितलं, "भाभी, नीचे तीन दुकान हैं ना? एक में जिना डाल दो." शेवटी तसंच करावं लागलं. एक दुकान गेलं, याचं बालमुकुंदजींना जेवढं दुःख झालं तेवढं त्यांना पडलेल्या भिंतीचं झालं नव्हतं. टाकीला मात्र त्यांनी वॉल्व्ह लावला.

भिंत बाबूरावनं आणि मिलच्या तीन जुन्या सोबत्यांनी बांधली. विटा त्याच, चुनासिमेंट नवीन. मशीन त्यानं आठ दिवस खोलून ठेवली होती. माग दुरुस्त करणारा हात होता, मशीन पुन्हा चालू लागली. मग शेजारणी आपापल्या मशीन घेऊन येऊ लागल्या आणि घरात तेलाचा वास सुटला. बोलायला मात्र तो अजूनही कमीच बोले.

रघुवीरांची पुढल्या वर्षी बढती झाली. हार घालून, फोटो काढून त्यांना मोठ्या गावी पाठवलं. अशा माणसांचं दुसरं काय होणार? मंजुळाला निरोपाचं बोलावणं होतं. ती गेली नाही.

त्याच आठवड्यात मागच्या ओळीतली गंगूबाई आली. तिच्या दारासमोर कोणी ट्रॅक्टर उभा करून ठेवला होता, दोन महिने. "नवा बाबू आलाय म्हणे," ती म्हणाली. "बरा माणूस आहे असं ऐकलं."

"बरा आहे की नाही ते त्याच्या घरचे बघतील," मंजुळा म्हणाली. तिनं दाताखालचा दोरा तोडला आणि उठली. "आपल्याला तो लिहून काय देतो ते बघायचंय. चल."