सोनकीच्या नांग्या

आनंदीबाईच्या हातचं रोप मरत नाही, हे भिवपुरीच्या आसपासच्या तीन गावांत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना आनंदीबाई स्वतः सांगायची. भातलावणीच्या बायकांच्या टोळीची ती मुकादम. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा खाचरात उतरायची आणि जिथलं रोप गेलं असेल तिथे दुसरं खोचायची. याला नांग्या भरणं म्हणतात. आपल्या शेतातल्या सगळेच भरतात, आनंदीबाई दुसऱ्याच्याही भरायची. बारशाला जाताना वाटेत कुणाच्या खाचरात रिकामी जागा दिसली म्हणून नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती चिखलात उतरली होती, हे बारशाच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

अशा बाईला अपेक्षाने कामावर ठेवलं, तिथेच पहिली चूक झाली.

अपेक्षा कर्जतची. ती डॉक्टर होणार होती, पण माणसांची नव्हे, झाडांची, आणि झाडांतही आंब्या-फणसाची नव्हे, तर घाटमाथ्यावरच्या सोनकीची. सोनकी म्हणजे पावसाळा सरत आला की पठारावर पिवळीधमक फुलते ती. तिला गुरं तोंड लावत नाहीत आणि तिची भाजी होत नाही. असल्या निरुद्योगी फुलासाठी एक शिकलीसवरली मुलगी दोन तास डोंगर चढते, याचं आनंदीबाईला इतकं हसू आलं की तिने लगेच होकार दिला.

पठारावर अपेक्षाने सहा डबे मांडले होते. वरून उघडे, चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक. ऊन आत शिरायचं, वारा अडायचा, म्हणून आतली हवा बाहेरच्यापेक्षा दीडेक अंशाने गरम. प्रत्येक डब्याशेजारी सुतळीने आखलेला तेवढाच मोकळा तुकडा. डब्यात बारा रोपं, तुकड्यात बारा, आणि प्रत्येकाजवळ खुणेला खराट्याची एक काडी.

"उद्या हवा तापली की ह्या रोपांचं काय होईल ते आज बघायचंय," अपेक्षाने सांगितलं. "मोठं झालेलं झाड कसंही निभावतं, मावशी. खरा धोका असतो तो दोन-चार पानांवर असताना."

"पोरांचंबी तसंच हाय," आनंदीबाई म्हणाली. "मंग मी काय करायचं?"

"सोमवारी आणि गुरुवारी यायचं, जिवंत किती ते मोजून मला फोन करायचा. गुरं येऊ द्यायची नाहीत. आणि रोपांना कुणाचाही हात लागू द्यायचा नाही."

कुणाचाही म्हणजे दुसऱ्या कुणाचाही, असं आनंदीबाईने धरलं.

पहिले काही दिवस झकास गेले. डब्यातली सोनकी बाहेरच्या सोनकीपेक्षा भराभर वाढली, आणि आनंदीबाईने त्याचं श्रेय मुकाट्याने स्वतःकडे घेतलं. मग आषाढात पावसाने दडी मारली. कातळावरची बोटभर माती, ती सुकायला कितीसा वेळ लागतो. बाहेरची बुटकी रोपं मान खाली घालून तग धरून राहिली. डब्यातली उंच, नाजूक रोपं एका सोमवारी आडवी झालेली सापडली. सतरा मेली होती.

आनंदीबाईने एकेक रोप उचलून पाहिलं. तिला खरोखर वाईट वाटलं. त्याहून जास्त तिला ठमी आठवली. ठमी तिची चुलत जाऊ. मुकादमकीवर डोळा ठेवून ती सहा वर्षं बसली होती, आणि आनंदीच्या हातचं रोप मेलं हे ऐकायला तिचे कान आसुसलेले होते. आनंदीबाईने इकडे तिकडे पाहिलं. पठारावर चिटपाखरू नव्हतं. सुतळीपलीकडे मोकळ्या माळावर सोनकीची हवी तेवढी रोपं उभी होती. तिने सतरा उपटली, काड्यांशेजारी अंगठ्याने दाबून बसवली, ओंजळीने पाणी घातलं आणि फोन लावला.

"किती आहेत, मावशी?"

"समदी."

खोटं काय होतं त्यात? सहा डब्यांत बहात्तर काड्या आणि बहात्तर रोपं.

गुरुवारी आणखी गेली, तीही भरली. बाहेरच्या तुकड्यात आठ गेली होती, पण त्यांना तिने हात लावला नाही. ती उघड्यावरची, निसर्गाच्या हवाली. डब्यातली मात्र तिच्या पदरात घातलेली होती.

श्रावण लागला तसा फोनवरचा अपेक्षाचा आवाज उतरत गेला. तिने शाबासकी द्यावी म्हणून आनंदीबाई वाट बघत होती, आणि ही पोरगी दर वेळी विचारायची, "नक्की सगळी? पुन्हा मोजता का?" शेवटी तिने सांगून टाकलं की पुण्याहून तिचे पीएचडीचे सर स्वतः पठारावर येणार आहेत.

सर आले, आणि त्यांच्यासाठी भाकरी वाहायच्या निमित्ताने ठमीही आली. सरांनी प्रत्येक डब्यात तापमापक धरून पाहिला. डबे चोख होते. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "अपेक्षा, गेल्या वर्षी डब्यातली निम्म्याहून जास्त रोपं मेली. या वर्षी पाऊस आठ दिवस गायब होता, आणि एकही नाही. तू पंधरा दिवसांतून एकदा येतेस. या रोपांना तू हात लावलास का? निकाल चांगला दिसावा म्हणून?"

"नाही, सर."

"मग मी काय समजू? असलं काम मी पुढे पाठवणार नाही. दोन वर्षं गेली असं धर."

अपेक्षा डब्यातल्या काड्या पुन्हा मोजायला लागली.  खरं काय ते आनंदीबाईने सांगितलं की पोरगी सुटत होती, पण ते ठमीच्या देखत सांगायचं होतं. ठमी दगडावर बसून भाकरीचं फडकं सोडत होती आणि कान इकडेच लावून होती.

"तिनं नाय," आनंदीबाई म्हणाली. "मी लावली."

"काय लावली?" सरांनी विचारलं.

"नांग्या भरल्या. मेलेलं काढलं, नवं लावलं. रोप मेलं तर भरायचं नाय तर काय करायचं?" आणि मग, दात काढून घ्यावा तसं, "मेली माज्या हातची. एक्केचाळीस मेली."

ठमीच्या हातातलं फडकं थांबलं.

सरांचा विश्वास बसेना. कुठली लावलेली आणि कुठली आपसूक उगवलेली, हे आता कोण सांगणार, म्हणाले. आनंदीबाईला हा प्रश्नच कळला नाही. ती डब्याशी वाकली आणि बोट फिरवत निघाली. "ह्ये उगवलेलं. ह्ये लावलेलं. ह्येबी लावलेलं, ह्ये पयल्या सोमवारचं. ह्ये मागल्या गुरवारचं, आजून रुसलंय." तिने लावलेलं म्हणून दाखवलेलं एक सरांनी उपटलं. अंगठ्याने दाबल्यामुळे मूळ मासे धरायच्या गळासारखं वाकडं झालेलं होतं. त्यांनी आणखी दोन पाहिली, मग चौथं पाहायचं सोडून दिलं. वही उघडली आणि आनंदीबाई सांगेल तसं लिहीत गेले.

सहाव्या डब्यापर्यंत अपेक्षा हसायला लागली होती. "एक्केचाळीस, सर. गेल्या वर्षी एकोणचाळीस मेली होती. जुळतंय." तिने आनंदीबाईला मिठीच मारली.

आनंदीबाईला मात्र राग आला. इतकी रोपं मेली याचा आनंद करणारी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती.

"पुढच्या वर्षीही तुम्हीच या," सर म्हणाले, आता बऱ्याच नरमाईने. "फक्त मेलं तर मरू द्यायचं. तुमची चूक नाही ती. हा डबा म्हणजे उद्याचं पठार. आपली नातवंडं म्हातारी होतील तेव्हा इथे बाहेरही एवढंच गरम असेल."

"भायेरबी? समदीकडं?"

"हो."

आनंदीबाई उठली. तिने डब्यांकडे पाहिलं, मग सुतळीपलीकडच्या माळाकडे, जिथून तिने एक्केचाळीस रोपं उपटून आणली होती.

"नांग्या भरायला मी रोपं तितनं आनली," ती म्हणाली. "तितंबी मेल्यावर कुठनं आनायची?"

सरांनी वही मिटली. भाकरी कुणी घेतली नाही. ठमीला चिडवायला याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती, पण ती दगडावरून उठून जवळ आली.

"कुठनं गं, आनंदी?" तिने विचारलं, लावणीत काही अडलं की टोळीतल्या बायका विचारतात तसं.