कोदोच्या चाळीस पुड्या

त्या आठवड्यात शरयूचा पाय एका जागी ठरत नव्हता. एकाहत्तरचा डिसेंबर, लढाई सुरू होऊन चार दिवस झालेले, कारखान्यांचे भोंगे वेळी-अवेळी वाजून राहिलेले, आणि हिला घोर कशाचा, तर आपल्या विभागाचा! अन्नशास्त्र विभाग म्हणजे तरी केवढा? कृषी विद्यापीठाच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या, पाच माणसं आणि एक भट्टी. उद्या भोपाळहून समिती येणार होती. तिला पटलं तर विभाग स्वतंत्र, नाही तर गृहविज्ञानाच्या पदराला बांधून मोकळे.

सगळी भिस्त कोदोवर. कुंडमच्या जंगलपट्टीत पिकणारं हे बारीक धान्य, तिथल्या गोंडांचं रोजचं जेवण. ते भाजून, दळून, गूळ घालून विभागानं जवानांसाठी पुड्या केल्या होत्या. पाणी ओतायचं, कालवायचं, खायचं. ‘विभागाची उद्दिष्टे’ हा कागद विभागप्रमुख भय्यासाहेबांनी तीनदा टाइप करून घेतला, आणि त्यात पहिल्या ओळीत या पुड्या. महिनाभर टिकतात का, हे सिद्ध करायचं होतं. प्रयोगशाळेत उंदरांचा सुळसुळाट, म्हणून शरयूनं चाळीस पुड्या चेरीतालला आपल्या घरीच पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. उद्या तिसावा दिवस.

अकराच्या सुमारास नथ्थू शिपाई विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. हा कुंडमचाच, लांबलचक रजा संपवून परवाच आलेला.

“मॅडमजी, मेरी मुर्गियाँ झूम रही हैं.”

“म्हणजे?”

“पुड़ियों वाले बोरे में जो कोदो बचा था, कल वही डाला था. एक तो उठती ही नहीं. ये मतौना कोदो है, मॅडमजी.”

एवढी शिकलेली बाई, पण मतौना हा शब्द तिनं जन्मात ऐकला नव्हता. नथ्थूनं समजावलं. कापणीला पाऊस लागला की कोदोला आतून बुरशी धरते. वरून काही कळत नाही, पण खाल्लं की डोकं गरगरतं, हातपाय कापतात, ओकाऱ्या होतात, माणूस दारू प्यायल्यासारखा पडून राहतो. अशक्त असला तर जिवावरही बेततं. कुंडमात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

“मग आधी काहून नाही सांगितलं रे?”

“मैं छुट्टी पे था. और मुझसे पूछा किसने?”

शरयू तशीच भय्यासाहेबांकडे धावली. त्यांनी आधी दार लावलं.

“हळू बोला हो! कोंबड्यांना झोप लागली म्हणून विभाग बुडवायचा काय? पुड्या तुमच्या घरीच आहेत ना? राहू द्या तिथंच. समितीला कागद दाखवू, चहा पाजू. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

हे ऐकून तिला बरं वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे. पण पेटीला कुलूप नव्हतं, ते आठवलं आणि ती रिक्षा करून घरी आली. पेटी उघडी, आत एक पुडी नाही.

“आई स्टेशनवर घेऊन गेल्या,” तिची वहिनी विनता म्हणाली. “जवानांची गाडी येऊन राहिली ना आज. महिला मंडळाच्या बायकांचे लाडू कमी पडले. पेटीवर तुम्हीच तर लिहिलंय, जवानांसाठी म्हणून!”

शरयू तशीच परत रिक्षात बसली. रिक्षा स्टेशनकडे निघाली तरी मन दुसरंच बोलत होतं: चार घासांनी काय होतं? धडधाकट माणसं ती, पचवतील. ओरडलीस तर उद्या समितीच्या कानावर जाईल, आणि सहा वर्षांची मेहनत मातीत. असला विचार आपल्या डोक्यात आला कसा, याची तिला शिसारी आली. तिनं रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, जल्दी चलो!”

फलाटावर गाडी उभी होती. एका डब्यात पुड्या वाटून झाल्या होत्या, काही जवान मगांत पाणी घेऊन बसले होते.

“मत खाइए! खराब है!” शरयू खिडकीच्या गजांना धरून किंचाळली.

“किसने कहा?” हवालदारानं विचारलं.

“मैंने कहा. हमारे विभाग ने बनाया है, मैंने बनाया है. ज़हर है इसमें. सब वापस दीजिए!”

बायका बघतच राहिल्या. स्टेशनमास्तरही आला. आता ही गोष्ट झाकून राहणं शक्य नव्हतं. हवालदारानं मगांतलं पाणी ओतून टाकायला लावलं, पुड्या न फोडलेल्याच पदरात परत पडल्या. तिनं मोजल्या. अडतीस. परत मोजल्या, तरी अडतीसच. कुणी दोन खाल्ल्या? डब्यात प्रत्येकाला विचारलं, जो तो नाही म्हणून मान हलवी. तेवढ्यात गाडी सुटली.

ती तरातरा आईकडे आली. अनसूयाबाई बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

“आई, दोन पुड्या कुठं गेल्या? कुणाला दिल्यास? सांग ना!”

“ओरडू नको गं बाई, आधीच डोकं गरगरून राहिलंय,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, हात थरथरत होते. “मी खाल्ल्या सकाळी. परक्यांच्या लेकरांच्या तोंडात घालायचं, ते चाखल्याशिवाय कसं द्यायचं? एकीनं नीट समजेना, म्हणून दुसरी खाल्ली.”

शरयू बाकावर आईशेजारी बसली. दर आठवड्याच्या तक्त्यात चवीच्या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं ‘उत्तम’ लिहिलं होतं, नुसता वास घेऊन. कोदो कोण तोंडात घालणार! कुणीतरी डॉक्टरला आणायला धावलं. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं.

“गूळ कमी पडलाय त्यात,” अनसूयाबाई डोळे मिटून पुटपुटल्या. “तुमच्यातल्या कुणी चाखलं नव्हतं काय गं?”

“नाही, आई,” शरयू म्हणाली. “कुणीच नाही.”