तळ्याचे थर

तळाशी : वाळू

मांजरेकाठच्या या रानात पाणी टिकत नाही. मागल्या वर्षी शेततळं भरलं आणि आठवड्यात कोरडं पडलं. म्हणून जगदेवीनं यंदा तळाला काळी चिकणमाती बसवली. माती भिजवायची, पातळ पसरायची, वरून सटवाजी धनगराची मेंढरं फिरवायची. बारीक खुरांनी माती दबते. मग पुन्हा थर.

त्यावर : ऊन

भावाच्या लग्नाला माहेरी जाताना ती सासऱ्यांना, अण्णारावांना, म्हणाली होती, "मामा, तळाला रोज पाणी मारा. माती वाळू देऊ नका."

अण्णारावांनी हयातभर नांगरलेलं रान उन्हात तापवलं. हेही तापवलं.

त्यावर : भेगा

ती परतली तेव्हा हात जाईल एवढ्या. आणि आज कालव्याच्या पाण्याची शेवटची पाळी. हे पाणी अडलं नाही तर हळद वाळणार.

"मामा, हे काय करून ठेवलं?"

"माती तापली की जोर धरती."

"पेरायच्या रानात! इथं काय पेरणार हाय, बेडकं?"

सटवाजी हसला. अण्णारावांनी बघताच मेंढरांकडं वळला.

कालव्यावरून येणाऱ्या चारीत खळखळ.

आलं.

"घे आत," अण्णाराव म्हणाले. "काळी माती हाय, फुगून मिटंल."

"मिटायच्या आधी सगळं वाळूत जाईल." तिनं तळ्याच्या तोंडाची फळी उचलली, तळ भिजण्यापुरतं पाणी घेतलं. फळी पाडली.

"अगं, पाणी खाली चाललंय! पाळी एकच हाय!"

"म्हनूनच. काका, घाला मेंढरं."

मेंढरं चिखलाला बुजली. एकही उतरेना. चारीचं पाणी बांधाशेजारून पुढं, दुसऱ्याच्या रानात.

अण्णारावांनी धोतर खोचलं. पुढचं मेंढरू कानाला धरून ओढलं, स्वतः चिखलात. मागोमाग सगळा कळप.

तुडवलं. भेग. तुडवलं. भेग. तुडवलं.

त्यावर : पाणी

फळी पुन्हा उचलली तेव्हा चारी अर्धी ओसरली होती. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. मध्येच एक भोवरा, वाटीएवढा.

"तिथं, मामा!"

अण्णारावांनी चिखलाचा गोळा दाबला, टाच रोवली. भोवरा लहान झाला. मिटला. त्यांनी पाय काढला, भोवरा पुन्हा. पाय ठेवला.

चारी आटली. तळं निम्मंच भरलं होतं.

"निम्मी हळद निघंल," जगदेवी म्हणाली.

"आन् मी किती येळ हुबा राहू?"

"माती फुगंपर्यंत," ती म्हणाली, आणि फावडं घेऊन पाण्यात उतरली.